कापलेलं लाकूड

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
रविवार, १२ नोव्हेंबर २००६

तीर्थस्वरूप दादा,

नमस्कार. इथे आम्ही तिघं बरे आहोत. वहिनीच्या गुडघ्याचा पट्टा पार्सलने पाठवला आहे, मिळाला की कळव. थंडी सुरू झाली आहे.

खंडेनवमीच्या सकाळी मी आंघोळ केली, देवाला फुलं वाहिली आणि मग एका रायफलचा बोल्ट काढून नळीतून खिडकीचा उजेड पाहिला. एकदा नाही, तीनदा. नळी रिकामी होती. मगच तिला कुंकू लावलं.

संध्या दारात उभी होती. "आणि नैवेद्याला काय, छर्रे?" म्हणाली. नैना सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "बाबा, दिस इज सो वीअर्ड." मी दोघींना हसू दिलं.

रायफल माझी कशी झाली ते सांगतो. शेजारचे वॉल्टर हॉजेस ऑगस्टमध्ये वारले. पाय दुखायचे त्यांचे, म्हणून त्यांच्या अंगणातली पानं दर वर्षी मीच गोळा करायचो. ते गेल्यावर त्यांची बायको ही घेऊन आली. म्हणाली, "वॉल्ट सांगून गेलाय, ही त्या शेजाऱ्याला दे. तो हिच्याकडे ओळखीचं माणूस दिसल्यासारखा बघतो."

ओळख होतीच. १९४२ सालची, ब्रिटिश फौजेची थ्री-नॉट-थ्री. आपल्या अंगणात पंचनाम्याला आलेल्या हवालदाराच्या खांद्यावर होती तसलीच. तुझ्या हाताला पंचा गुंडाळलेला होता आणि मी त्या बंदुकीकडे बघत उभा होतो. दुसरीकडे कुठे बघायचं ते मला कळत नव्हतं.

पण वॉल्टरने तरुणपणी हिचं पुढचं लाकूड करवतीने कापून टाकलं होतं. हरणांच्या शिकारीला हलकी पडावी म्हणून. तेव्हा फौजेच्या जुन्या रायफली इथे कुणीही घ्यायचं आणि कापायचं. आता लोकांना त्या मूळ रूपात हव्या असतात. इथल्या एका दुकानात रे नावाचा म्हातारा कारागीर आहे. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "नशीबवान आहेस. नळी कापलेली नाही, फक्त लाकूड गेलंय. त्याच सालचं लाकूड मी मिळवून देतो. बसवलं की हिला कधी करवत लागली होती हे कुणालाही कळणार नाही."

मी हो म्हणालो. ते लाकूड खोक्यातून दसऱ्यानंतर आलं. रे म्हणाला, घरी ने, जुळवून बघ, मग बसवू. मी जुळवून पाहिलं. अगदी नेमकं बसत होतं. तरी तीन आठवडे ते खोकं गॅरेजमध्ये पडून राहिलं. संध्या म्हणाली, "बसवा नाहीतर परत करा. उबवून त्यातून पिल्लं निघायची नाहीत."

कुणालाही कळणार नाही, हे रेचं वाक्य मनातून जाईना. पूजेला बसलो की तेच आठवायचं. जपाची माळ हातात घेऊन मी लाकडाचा विचार करत होतो, हे तुला म्हणून सांगतो.

दादा, आपली ठासणीची बंदूक भरलेली असली की बाबा तिच्या चापावर लाल चिंधी बांधायचे. चिंधी दिसली तर हात लावायचा नाही, नसली तर रिकामी. घरातला नियमच तो. त्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी बाबांनी बंदूक माझ्यादेखत भरली होती. सकाळी पूजेसाठी ती पुसायचं काम माझं होतं. मी खोबरेल लावून लाकूड चकचकीत केलं. चिंधी मळकट दिसत होती, देवापुढे बरी दिसेना, म्हणून सोडून खिशात टाकली. तिथे झेंडूचं फूल खोचलं. पूजा झाल्यावर ती परत बांधायची, एवढंच राहिलं.

तिन्हीसांजेला डुकरं भातात शिरली. चिंधी नाही असं बघून तू आणखी एकदा दारू ठासलीस. बार काढलास आणि नळी तुझ्या हातातच फुटली.

बाबांनी विचारलं, "चिंधी दिसली नाही तुला?" तू म्हणालास, "असेल. माझं लक्ष नव्हतं." हवालदाराने तेच लिहून घेतलं. बाबा मरेपर्यंत तुला बेफिकीर म्हणत राहिले. डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि तुझा पखवाज सुटला. सोमवारच्या भजनात तू कोपऱ्यात झांज घेऊन बसायला लागलास. चिंधी आठ दिवस माझ्या खिशात होती. मग मी ती न्हाणीच्या चुलीत घातली. त्यानंतर मी शिकलो, इथे आलो, बत्तीस-तेहतीस वर्षं तुला खुशालीची पत्रं लिहिली.

तू "असेल" का म्हणालास, हे मी कधी विचारलं नाही. चिंधी नव्हती हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि बंदूक कुणी पुसली होती हेही.

काल खोकं परत देऊन आलो. रे म्हणाला, "नक्की ना? असं लाकूड माझ्याकडे आजवर कुणी परत आणलं नाही." मी म्हणालो, नक्की. घरी येऊन वॉल्टरने कापलेल्या टोकाला जवसाचं तेल लावलं. करवतीच्या दात्यांचे चरे अजून दिसतात तिथे, बोटाला लागतात. तसेच ठेवले आहेत.

हे पत्र लिहून झालं की चालत जाऊन पेटीत टाकणार आहे. आज रविवार, पेटी उद्या उघडतील. पण एकदा टाकलं की मला ते परत काढता येणार नाही, म्हणून आजच. वहिनीला, मुलांना वाचून दाखव. पत्र मिळाल्यावर येणाऱ्या सोमवारी भजनाला सगळे जमतील तेव्हा तिथेही वाच. बाबांना तेवढं कळायचं राहिलं.

चिंधी ज्याने सोडली तो,
तुझा धाकटा भाऊ
पुरुषोत्तम