हाजी चासिबची मिठी

प्रिय सिमात,

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, मध्येच 'आई, औषध घेतलंस का?' विचारतेस. म्हणून हे पत्र. आधी बातमी ऐक: कायदा पडला! दोनच मतांनी पडला, पण पडला.

तुला दिलेला शब्द मी विसरले नाही. कायदा झाला तर चांदीचं दुकान बंद करून कायमची स्वीडनला येईन, असं मी म्हटलं होतं. म्हणताना नुसती जीभ हलली होती, मन नव्हे. पण खरंच, नदीकाठी विधी करायला बंदी आली असती तर आपण इथे राहून काय करणार होतो? एकवीस घरं उरलीत आपल्या सुब्ब्यांची, वाहत्या पाण्यातली बुडी हाच ज्यांचा धर्म. त्यांतली चौदा तरी बोऱ्याबिस्तरा बांधूनच बसली होती.

तो प्रस्ताव आणणारे वकील नज्म बोलायला गोड. दुकानात आले, बायकोसाठी काळ्या नक्षीची कर्णफुलं निवडली आणि म्हणाले, "वहिनी, एवढं काय मनाला लावून घेता? उघड्यावर नको, एवढंच म्हणतोय आम्ही. चार भिंतींत हौद बांधा. पाणी ते पाणी!" मी म्हटलं, "बरोबर आहे वकीलसाहेब, आणि चकाकतं ती चांदी. कथलाची देऊ का बांधून?" हसले, पण प्रस्ताव काही मागे घेतला नाही.

मग आले हाजी चासिब. तुला आठवतात ना, होड्या बांधणाऱ्यांच्या आळीतले? आता प्रांताच्या सभेत निवडून गेलेत. पोट सुटलंय, आवाज तोच. दारातूनच ओरडले, "सिमातच्या आई, या कायद्यावर मला मत द्यायचंय आणि तुमचं हे बुडी प्रकरण मला ओ की ठो कळत नाही. बघायला येऊ का?" मी म्हटलं, रविवारी सकाळी या.

रविवारी अशी थंडी होती की दजला नदीवर वाफ दिसत होती. आपले धर्मगुरू शेख सब्ती पहाटेपासून तयारीत होते. पाण्यात बुड्या झालेल्या, पांढरी वस्त्रं अंगावर, काठी हातात. अशा वेळी त्यांना कुणी शिवत नाही, हे आपल्याकडे रांगतं पोरही जाणतं. हाजींना कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. पण मी मेली चहाच्या किटलीत गुंतलेली. मागे वळून बघते तर हाजी दोन्ही हात पसरून उतारावरून निघालेले! "शेख, किती वर्षांनी!" म्हणत त्यांनी म्हाताऱ्याला मिठी मारली आणि दोन्ही गालांचे मुके घेतले.

शेख सब्तींनी डोळे मिटले. मग शांतपणे म्हणाले, "स्वागत आहे हाजी," आणि वळून काठीसकट पुन्हा नदीत शिरले. तीन बुड्या. मग सगळ्या प्रार्थना पहिल्यापासून. बुडीची वाट बघणाऱ्या बायका थंडीने निळ्या पडल्या आणि हाजी लाजेने लाल.

"मी बाटवलं का त्यांना?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "मी हात लावला असता तरी हेच झालं असतं हाजी. तुमचा धर्म मध्ये नाही, तुमचं प्रेम मध्ये आलं." त्यांनी जरा विचार केला आणि पाण्याकडे बघून ओरडले, "शेख, यापेक्षा हौदात ऊन पाणी घेतलं तर नाही का चालणार?" शेख सब्तींचे दात वाजत होते. त्या दातांतूनच उत्तर आलं, "चालत असतं तर या वयात मी इथे कशाला मेलो असतो?"

सगळा काठ हसला. हाजी इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. मग मात्र सगळं आटपेपर्यंत तिथेच थांबले, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

सभेतलं भाषण आम्ही दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं. अर्धी आळी आत, अर्धी दारात. हाजी उठले तर मागून कुणीतरी ओरडलं, "हाजी, तुम्ही कधी मारताय बुडी?" हाजी म्हणाले, "माझी पापं ऐकली तर नदी परवानगी द्यायची नाही." मग सांगितली मिठीची गोष्ट, काहीही न लपवता. म्हणाले, "माझ्या एका मिठीला त्या म्हाताऱ्याला अख्खी नदी लागली. सहा वर्षं मी तुम्हा सगळ्यांना मिठ्या मारतोय; तुम्हाला तर समुद्रच लागेल! वकीलसाहेब, हे लोक आपल्या आधीपासून या पाण्यात उभे आहेत. नदी आपण बांधली नाही, मग तिला भिंत घालणारे आपण कोण?" शेजारच्या सभासदाने विचारलं, "एकवीस घरांच्या मतांवर निवडून येणार का?" हाजी म्हणाले, "नाही येणार. होड्या बांधायला जाईन. त्यालाही नदीच लागते."

मोजणी झाली तेव्हा आमच्या दुकानात इतका ओरडा झाला की पोलीस बघायला आला आणि खजुराचे लाडू खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी तीन घरांनी आपल्या पेट्या उघडल्या.

आता या पत्राचं खरं कारण. तुझ्या नवऱ्याच्या, वाथिकच्या, पोटात काही राहत नाही. म्हणून तुझ्या पोटात आहे ते मला कळलं. चार महिने लपवलंस ना? का लपवलंस, तेही मला ठाऊक आहे. कायदा झाला आणि मी रडत आले, तर तिथे मला हसवायला काहीतरी हवं, म्हणून राखून ठेवलं होतंस. वेडी पोर. बाळंतपणाला मी येणार, डिंक-सुंठ सगळं घेऊन येणार. पण वाथिकला सांग, परतीचंही तिकीट काढ. बाळ झाल्यानंतरच्या वसंतात, आपल्या सणाच्या पाच दिवसांत तुम्ही तिघं इकडे या. बाळाच्या पहिल्या बुडीचं शेख सब्तींशी बोलून ठेवलंय. आपल्यात धर्माच्या नावाला आईचं नाव जोडतात. मुलगा असो की मुलगी, त्या वाहत्या पाण्यात उभं राहून शेख मोठ्याने म्हणतील: हे सिमातचं लेकरू. ते ऐकायला मी काठावर असणार आहे.

तुझीच, आणि आता त्या लेकराचीही,
आई