फक्त दाखवण्यापुरती

८ सप्टेंबर, सोमवार

मागच्या गल्लीत देशमुखांकडे चोरी झाली. भरदुपारी. दोघं ऑफिसात, मुलं शाळेत. मागचं काचेचं दार फोडून आत. सोनं गेलं, देवघरातलं चांदीचं ताम्हन आणि समई गेली. देव मात्र काढून नीट एका ओळीत ठेवलेले. मंजिरी देशमुख फोनवर तेच तेच सांगत होती, "देव बाजूला ठेवलेत गं, एका ओळीत." सोन्यापेक्षा त्याचंच तिला जास्त रडू येत होतं.

पोलीस म्हणाला म्हणे, इंडियन घरांत सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक असतं.

निखिलने जेवण झाल्यावर उठून आमचं मागचं दार ओढून पाहिलं. दोनदा.

११ सप्टेंबर

नि. म्हणतो, गन घेऊया.

अठरा वर्षांच्या संसारात हा शब्द आमच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा आला. मी भेंडी चिरत होते. चिरतच राहिले.

"मारायची नाही गं. फक्त दाखवायची. दिसली की पळतात."

"आणि नाही पळाला तर?"

"पळतोच."

वीस वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली. माझं सगळं काम ह्या एका प्रश्नाचं. आणि तसं झालं नाही तर? ऑफिसात ह्याला कौशल्य म्हणतात, घरी कटकट.

थकले आहे. वाद घालायचीही ताकद हवी.

२० सप्टेंबर, शनि.

दुकानात जाऊन आलो. नि.ला आधी एक छोटी दाखवली. त्याला मोठी हवी होती. काळी, जाड, चौकोनी. काउंटरवर एक मुलगी, आमच्या सईहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल, नखांना जांभळं पॉलिश. म्हणाली, ही नुसती पाहिली तरी पुरतं सर, चालवायची वेळच येत नाही. नि.ने माझ्याकडे पाहिलं. बघ, मी काय सांगत होतो.

मी तिला विचारलं, मग खरी कशाला? प्लास्टिकची नाही का चालणार?

ती मनापासून हसली. नि. हसला नाही.

गाडीत करार केला. गन वर, आमच्या कपाटातल्या छोट्या सेफमध्ये. गोळ्या खाली, गॅरेजमध्ये, कुलपात. सेफमध्ये कायम रिकामी. आणि दोघांनीही क्लास करायचा. नि. म्हणाला, "प्रॉमिस. दाखवायचीच तर आहे."

घरी येऊन सईला सांगितलं. पंधराची आहे, आता मराठीत फक्त भूक लागल्यावर बोलते. "यू गाइज आर सो वीअर्ड." खोलीत गेली. नेहमी दार आपटते. आज हळूच लावलं. त्यानेच जास्त वाईट वाटलं.

२७ सप्टेंबर

क्लास. शिकवणारे आजोबा, पांढऱ्या मिशा, बोलणं इतकं मऊ की पुढे वाकून ऐकावं लागलं. मी पाच गोळ्या झाडल्या, दोन कागदाला लागल्या. मनगट अजून दुखतंय. पोळ्या नि.ने लाटल्या, नकाशे झाले.

आजोबांचं एक वाक्य वहीत उतरवून घेतलं: "रिकामी बंदूक घाबरवण्यासाठी कुणावर रोखू नका. समोरचा घाबरेल की नाही, हे तुमच्या हातात नसतं."

येताना मला हलकं वाटलं. ते माझंच म्हणणं बोलले होते. नि. गाडी चालवताना गप्प होता. मला वाटलं, त्यालाही पटलंय.

२ ऑक्टोबर, दसरा

नेहमीची पूजा. तिघांचे लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, सईचं व्हायोलिन, माझी सुरी. नि. वरून सेफ घेऊन आला. "शस्त्रपूजा आहे ना? खरं शस्त्र घरात पहिल्यांदाच आलंय."

मी म्हटलं, पेटी उघडायची नाही. बंद पेटीवर झेंडूचं एक फूल ठेवलं. हळदकुंकू लावायला बोट पुढे झालं आणि थांबलं. का थांबलं ते लिहिता येत नाही. लॅपटॉपला लावताना कधी विचार केला नव्हता.

दुपारी वंदनाकाकू सोनं द्यायला आल्या, म्हणजे अंगणातल्या झाडाची पानं घेऊन. काकू तीन घरं सोडून राहतात, मुलाकडे, प्रशांतकडे. नागपूरच्या, सहा महिन्यांसाठी आल्यात. चौऱ्याहत्तर वर्षं, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, कानातलं मशीन बहुतेक वेळा पर्समध्ये. बेल कधी वाजवत नाहीत. आमच्याकडे कुणीच वाजवत नाही. सगळे गॅरेजमधून येतात, तिथेच चपला काढतात आणि थेट स्वयंपाकघरात. दाराचा कोड अख्ख्या ओळखीत सगळ्यांना पाठ. काकूंना आकडे आठवत नाहीत, त्यांना बटणांच्या जागा आठवतात: वरचा कोपरा, खालचा कोपरा, मधलं दोनदा.

जाताना त्यांना श्रीखंडाचा डबा भरून दिला.

३ ऑक्टोबर

सईच्या मैत्रिणीच्या आईचा मेसेज. मुलगी आमच्याकडे राहायला येणार आहे, त्याआधी विचारते आहे: घरात गन आहे का, कुलपात असते का? इथे सगळेच विचारतात, त्यात अपमान नाही. इतकी वर्षं मी एका शब्दात उत्तर द्यायचे, पुढे एक हसरा चेहरा लावून.

आज लिहिलं: हो. कुलपात. रिकामी.

तिचं उत्तर आलं: सांगितल्याबद्दल आभार, मग ह्या वेळी मुली आमच्याकडेच राहू देत.

हसरा चेहरा तिनेही लावला होता.

७ ऑक्टोबर, मंगळ.

ऑफिसातून आले तर श्रीखंडाचा डबा फडताळात, आपल्या जागेवर, आणि आत सांबारवडी, नागपुरी, कोथिंबिरीची. म्हणजे काकू येऊन गेल्या. रिकामा डबा काही त्या पाठवायच्या नाहीत.

नि. मंगळवारी घरूनच काम करतो. पलंगावर आडवा होता, दिवसाउजेडी. डोकं दुखतंय म्हणाला. दुपारच्या मीटिंगा कॅन्सल केल्यात. वडी खाल्ली नाही. त्याला इतकी आवडते.

८ ऑक्टोबर

संध्याकाळी काकूंबरोबर तळ्याला फेरी. मी म्हटलं, वडी छान झाली होती. त्या म्हणाल्या, "काल तुझा नवरा काय करून राहिला होता गं?"

"काय?"

"मी आपली आत आले, डबा जागेवर ठेवला. वळते तर हा जिन्यात उभा. हातात ते भोकं पाडायचं यंत्र. म्हटलं, काय रे, भिंतीला भोकं पाडून राहिलास का? तर बोलेच ना बाप्पा! नुसता उभा. घाम फुटलेला. म्हटलं पोराला ताप आहे की काय, म्हणून कपाळाला हात लावायला गेले. तर मागे मागे सरकला आणि खालीच बसला पायरीवर."

त्या हसत होत्या. "एवढं जड काम जमत नाही तर कशाला करावं?"

आमच्या घरात ड्रिल मशीन नाही. पडद्याचे रॉडसुद्धा हँडीमॅनने लावलेत.

काकूंचा हात धरून मी चालत राहिले. त्यांना वाटलं, मी त्यांना आधार देते आहे.

९ ऑक्टोबर

नि. सईला आणायला गेला तेव्हा मी वर जाऊन सेफ उघडला. दसऱ्याचं फूल पेटीवर नव्हतं, मागे फटीत सुकून पडलं होतं. आजोबांनी शिकवलं होतं तसं करून पाहिलं.

मॅगझिन भरलेलं. आतली एक गोळी उडून गादीवर पडली. नुकत्याच घडी केलेल्या टॉवेलांवर. पितळी, लहान. मी तिच्याकडे बघत बसले.

नि. आल्यावर टेबलावर ठेवली. सई वर गेली होती.

"कधीपासून?"

"क्लासच्या दुसऱ्या दिवसापासून."

"प्रॉमिस केलं होतंस."

"आजोबा काय म्हणाले, तूच लिहून घेतलंस ना? रिकामी रोखायची नाही."

एक वाक्य, दोघांनी शेजारी बसून ऐकलेलं. मी ऐकलं, मग रोखूच नका. त्याने ऐकलं, मग भरून ठेवा.

दसऱ्याला मी फूल ठेवलं तेव्हाही ती भरलेली होती. मेसेजमध्ये मी "रिकामी" लिहिलं तेव्हाही.

मग तो हळूहळू बोलला. हेडफोन काढले तर गॅरेजचा आवाज. मी ऑफिसात, सई शाळेत. "कोण आहे?" दोनदा ओरडला, आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत. उत्तर नाही. फडताळाचं दार उघडल्याचा आवाज. "मला वाटलं, शोधतायत. डबे शोधतायत. आपले लोक सोनं डब्यातच ठेवतात ना."

"मग?"

"जिन्यात आलो. कोणीतरी वळलं. उजेड मागून होता. मी रोखली. ती थांबली नाही गं. चालतच राहिली. हात पुढे करून. काकू आहेत हे डोळ्यांना कळलं होतं. बोटाला कळायला वेळ लागला."

टेस्टिंगच्या भाषेत: अपेक्षित, समोरचा घाबरतो आणि थांबतो. प्रत्यक्षात, समोरच्याला ताप आहे का बघावंसं वाटलं.

हे त्याला बोलून दाखवलं नाही. त्याचे हात टेबलाखाली होते.

१२ ऑक्टोबर

तीन दिवस कामापुरतं बोलणं. दूध, सईची प्रॅक्टिस, कचऱ्याचा डबा.

आज कपडे घड्या करताना तो आपणहून म्हणाला, "मला एकदा दाखवलीय कोणीतरी. पिस्कॅटवेला. एमएस करत होतो तेव्हा. लायब्ररीच्या मागच्या पार्किंगमध्ये."

मी त्याला तेवीस वर्षं ओळखते.

"मी सगळं दिलं. पाकीट, घड्याळ, बाबांनी दिलेलं पेन. त्याने पेन मागितलंसुद्धा नव्हतं. मीच काढून दिलं. म्हणून सांगतोय, चालतं ते. दाखवलं की चालतं. मला माहितीय."

"त्याच्या गनमध्ये गोळी होती?"

"विचारलं नाही."

दोघंही हसलो. मग त्याचा चेहरा वाकडा झाला आणि मी उशांचे अभ्रे बाजूला ठेवले.

इतकी वर्षं तो हे घेऊन झोपत होता आणि मला वाटायचं, घोरतो म्हणजे शांत आहे. त्याला चोराला पळवून लावायचं नव्हतं. त्याला एकदा त्या माणसाच्या जागी उभं राहून बघायचं होतं. आणि उभा राहिला, तर समोर काकू.

माया आली. राग गेला नाही. दोन्ही एका वेळी करून दमायला होतं.

मी म्हटलं, ती घरातून जाऊ दे. "बघतो" म्हणाला. गोळ्या मात्र स्वतःच खाली नेऊन कुलपात ठेवल्या, मला मोजायला लावून.

१४ ऑक्टोबर

नि.ने गॅरेजचा कोड बदलला. जेवताना सांगितलं, काही तरी सोडवल्यासारखं. "आता कोणी अचानक येणारच नाही. प्रश्नच मिटला."

सई म्हणाली, "सो काकूआजी इज लॉक्ड आउट, अँड द गन स्टेज?"

मग तिने वरण मागितलं. मराठीत.

मी नवा कोड कुणाला कळवला नाही. काय कळवणार? बेल वाजवून या, आमच्याकडे आता भीती राहते. काकूंना तर काहीच माहीत नाही. सांगावं का? त्यांनी मला सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसत होत्या. खरं सांगितलं तर पुन्हा ह्या घरात तशा येतील? न सांगता त्यांची सांबारवडी खाणं, हेही एक रिकामं प्रॉमिसच.

१८ ऑक्टोबर, शनि. धनत्रयोदशी

दुपारी पणत्या भिजत घातल्या होत्या. गॅरेजच्या बाहेरून टीं टीं. चुकीच्या कोडचा आवाज. परत टीं टीं. वरचा कोपरा, खालचा कोपरा, मधलं दोनदा. मी आणि नि. एकमेकांकडे बघत उभे. तिसऱ्यांदा वाजलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

सईने पळत जाऊन उघडलं.

"अगं, तुमचं दार बिघडलंय," काकू आत येत म्हणाल्या. हातात चकल्यांचा डबा. तो फडताळात ठेवायला नि.ला ओलांडून गेल्या, जाता जाता त्याच्या कपाळाला हात लावून आल्या. "आज ताप नाही. बरं झालं. मग तुझं ते यंत्र घेऊन ये माझ्याकडे."

नि.चा चेहरा पांढरा.

"अरे, भोकं पाडायचं! माझ्या खोलीत यांचा फोटो लावायचाय. भाऊबीज झाली की मी चालले नागपूरला. फोटो नसला नं, तर ही पोरं खोलीत व्यायामाची सायकल आणून ठेवतील. प्रशांतला दोन महिने झाले सांगून. तो फक्त हो म्हणतो. तू येशील नं?"

मला वाटलं, आता हा सांगेल. किंवा मी सांगेन. भिजणाऱ्या पणत्यांमधून बुडबुडे वर येत होते, ते मी पाहत राहिले.

"येतो काकू," नि. म्हणाला. "चार वाजेपर्यंत येतो."

"तेव्हा थरथरू नको म्हणजे झालं. फोटो वाकडा लागेल. ते आधीच तिरके होते स्वभावाने."

काकू गेल्या. नि. वर गेला, खाली आला, गाडीची किल्ली घेतली. "ड्रिल घेऊन येतो," एवढंच म्हणाला. हार्डवेअरचं दुकान आणि सप्टेंबरात गेलो होतो ते दुसरं दुकान, एकाच रस्त्यावर आहेत. मी सिंकपाशी पाठमोरी होते. त्याच्या हातात पेटी होती की नाही, वळून पाहिलं नाही.

साडेतीन वाजलेत. कपाट वर आहे. जाऊन बघायला दोन मिनिटं लागतील. पणत्या पुसून घेते आहे, एकेक करून.