झऱ्याच्या पाण्यातली डाळ

आई,

आज कंपनीत परत तोच कागद समोर आला आणि मला तुझा राग आला. मालकांचा यायला हवा होता. तोही आला, पण आधी तुझा.

बी.एस्सी. होऊन मी त्या बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यात लागले, त्याच उन्हाळ्यात एक बाटली घरी आणली होती. बिबवेवाडीच्या आपल्या दोन खोल्यांत तू आयटीवाल्यांचे डबे करायचीस. बाटलीवर डोंगर, झरा आणि खाली कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेटचे आकडे. घरात पहिल्यांदाच कुणीतरी असलं काही वाचून दाखवत होतं. "तुझ्या माहेरच्या डोंगरातलं पाणी आहे," मी म्हणाले. तू घोटभर प्यायलीस, जीभ टाळूला लावलीस. "ते असं मिळमिळीत नाही गं. पिऊन झाल्यावरही जिभेवर राहतं."

मी हसले. तू उठून उरलेल्या पाण्यात मूठभर तूरडाळ शिजत टाकलीस. माहेरच्या झऱ्याच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो, असं सांगत राहिलीस. आणि इथे बघता बघता डाळ लोण्यासारखी झाली आहे. तू ती वाटीत काढतेस, पातेलं माझ्यासमोर तिरकं करतेस. आत थराचा मागमूस नाही.

"बाटलीवर एवढा चुना लिहिलाय, तो गेला कुठं?"

"चुना नाही, कॅल्शियम. तू शाळेत तरी गेलीस का कधी?"

तू पातेलं घासायला टाकलंस. वर दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना सांगितलंस, "आमची पोरगी पाण्याची परीक्षा घेते." त्याचाच राग येतो मला. भाजीत मीठ कमी पडलं तर बोलायचीस, मग तेव्हा माझ्या थोबाडीत का नाही दिलीस? कौतुक कसलं करत बसलीस?

उन्हाळ्यात झरा आटतो, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मग टँकरचं पाणी आणायचं, यंत्रातून गाळून त्यातले क्षार आणि चव काढून टाकायची आणि बाटल्या भरायच्या. तपासणीच्या कागदावर आकडे मात्र पावसाळ्यातल्या झऱ्याचे. इतकी वर्षं मी खाली सही करत आले. आज म्हटलं, तपासल्याशिवाय करणार नाही. मालक शांतपणे म्हणाले, "अहो मॅडम, आपण अवश्य तपासा. लेबलं मात्र छापून झालीत."

मी तपासलं. जे निघालं तेच लिहिलं आणि त्याखाली सही केली. उद्या मला आत घेतील की फाटकावरूनच परत पाठवतील, माहीत नाही.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र मी कुठे टाकणार? डब्यांच्या कपाटात ठेवून देईन. पण एक लिहायचं राहिलं. तू डाळ शिजत टाकलीस ना, तेव्हा ती का शिजणार हे मला माहीत होतं. त्या बाटलीच्या कागदावर सही माझीच होती. परीक्षानळी हातातही न घेता जुने आकडे उतरवले होते मी.