काचपेटीची मागची कड

लोणावळे, ता. ५ ऑगस्ट १९३८

ती. महिपतीकाकांस पद्मजाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सर्व क्षेम. पाऊस थांबायचं नाव घेत नाही. लुगडी शेगडीवर धरून वाळवावी लागतात. पत्राचं कारण मात्र निराळं आहे. लग्नात तुम्ही स्वतःच्या हातांनी करून दिलेली माशांची काचपेटी गळते. सकाळी भरावी, तर दिवेलागणीला पाणी बोटभर उतरलेलं आणि मागच्या भिंतीशी थारोळं.

मामंजींनी काल जेवताना सांगून टाकलं की त्याच खोलीत गणपती बसतो. तोवर गळती थांबली नाही तर मासे वळवणच्या तलावात आणि पेटी माळ्यावर. सासूबाई तर पहिल्यापासून म्हणतात की घरात मासे कोणी पाळतं का. काका, सासरी आल्यावर हट्टाने ठेवून घेतलेली ही माझी एकच वस्तू. चारही सोनेरी मासे मला ओळखतात. हसू नका.

पेटीतल्या पाण्यासारखा आपला लोभ रोज बोटभर उतरू नये, ही विनंती.

आपली, पद्मजा

तळेगाव, ता. ७ ऑगस्ट

चि. सौ. पद्मजा हीस महिपतीकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हसलो, पण माशांना नव्हे. माझी पेटी गळते म्हणालीस, त्याला हसलो. स्टेशनावर कंदिलांच्या काचा पुसता पुसता ज्याने काचेचं दुकान उभं केलं, त्याने काचा जोडायला हाताने कालवलेली लांबी दोन वर्षांत सोडत नसते. तरी फरशी ओली आहे हे खरं, तेव्हा पाणी कुठून येतं ते शोधू.

आधी कौलं बघ. मग पेटी बाहेरून पुसून कोरडी कर आणि खालच्या चारही कडांना रांगोळी ओढ. रांगोळी तव्यावर भाजून घे. लोणावळ्याची रांगोळी श्रावणात आपणहूनच रडते. जिथे ती भिजेल तिथे पाणी आलं. आणि जवळ बसून कान दे. फटीतून झिरपणारं पाणी मुकं असतं, वरून पडणारा थेंब बोलतो. जे दिसेल, ऐकू येईल ते सगळं लिही, तुला क्षुल्लक वाटलं तरी. आमच्या जावयांना, केशवरावांना म्हणावं, पान्याला हात लावू नका. गेल्या वेळी त्यांनी दुरुस्त केलेलं घड्याळ अजून माझ्याकडे बंद पडून आहे.

पत्राची वाट बघायला लावू नये, एवढाच लोभ पुरे.

महिपतीकाका

लोणावळे, ता. ११ ऑगस्ट

ती. काकांस सा. न. वि. वि.

कौलं ठीक आहेत. रांगोळी भाजून घातली. पुढची कड कोरडी, कोपरे कोरडे. मागे मात्र मधोमध विड्याच्या पानाएवढी जागा भिजली आणि जराशी गुलाबी झाली. वाकताना माझ्याच कपाळाचं कुंकू सांडलं असेल. थेंबाचा आवाज येतो, सावकाश, पण येतो.

आणखी एक आहे. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मागचं पत्र टाकल्यावर सासूबाई कामशेतला बहिणीकडे राहिल्या, तेवढे दिवस फरशी खडखडीत होती. त्या आल्या आणि पुन्हा थारोळं. सकाळची पूजा झाली की त्या एकट्याच त्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. त्यांना पेटी नको हे ठाऊक होतं, पण त्यासाठी कोणी पाणी सांडेल असं वाटलं नव्हतं. ह्यांच्या कानावर घालणारच होते. आधी तुम्हाला लिहिलं.

माहेरचं माणूस म्हणून आधार असू द्यावा.

पद्मजा

तळेगाव, ता. १३ ऑगस्ट

चि. सौ. पद्मजास अनेक आशीर्वाद. वि. वि.

केशवरावांना काही बोलली नसशील तर उत्तम. बोलली असलीस तर आधी जाऊन शब्द मागे घे आणि मग पुढे वाच.

बाई पाणी सांडत असती तर एकदम ओतून मोकळी झाली असती, थेंबाथेंबाने कशाला? पाणी वरून येतंय आणि येताना कुंकू घेऊन येतंय. पूजेनंतर हातात कुंकू असतं आणि श्रावणात देवाला कापसाचं वस्त्र वाहतात. त्याचं एक टोक पेटीतल्या पाण्यात आणि दुसरं काठाबाहेर लोंबत असेल, तर समईतली वात तेल ओढते तसं ते पाणी ओढणार आणि भिंतीकडे सोडणार. मत्स्यावतार तुम्ही पोथीत वाचता. तुझ्या सासूबाईंना तो काचेत दिसला, एवढंच. उद्या पूजेनंतर पेटीच्या मागे डोकाव. वस्त्र नसलं तर दुकानाची पाटी उतरवीन.

पण त्यांना पकडू नकोस. ज्या बाईने मासे नको म्हणून घर डोक्यावर घेतलं, तिने त्यांना हात जोडायचे तर दार लोटूनच जोडणार. शेजारचे अंबाजी खंडाळ्याला निघालेत, त्यांच्या हाती पितळी पट्टी पाठवतो. ती मागच्या काठावर बसते आणि वस्त्र पाण्यापासून वर राहतं. सांग की पेटी देताना काका ही द्यायला विसरले. पेटी गळाली असं मी मरेपर्यंत कबूल करणार नाही, पण विसराळूपणा खुशाल माझ्या नावावर घाल. माशांना कुंकवाचं पाणी सोसत नाही, हेही सहज बोलून जा.

काकाची फजिती करताना लोभ थोडा बाजूला ठेवलास तरी चालेल.

महिपतीकाका

लोणावळे, ता. ३१ ऑगस्ट

ती. काकांस शि. सा. न. वि. वि.

दुकानाची पाटी राहू द्या. वस्त्र होतंच. दाराच्या फटीतून पाहिलं, तर सासूबाई माशांवर रागावत होत्या की सूनबाई एवढं हौसेने घालते ते खात का नाही, अंग धरत का नाही. मी तशीच मागे फिरले. ह्यांना अवाक्षर बोलले नव्हते, तेवढं बरं.

पट्टी बसवली. तुम्ही कसे विसराळू आहात ते मामंजींना, शेजारणींना, दूधवाल्यालासुद्धा ऐकवलं. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी वस्त्र पट्टीवर होतं आणि खोलीचं दार सताड उघडं. तेव्हापासून फरशी कोरडी आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी, ठरल्याप्रमाणे, मामंजी पेटी उचलायला गडी घेऊन आले. फरशी कोरडी आहे म्हणून मी तोंड उघडणार, तोच सासूबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मखर हातभर अलीकडे घ्या, पेटी हलवली की बिचारे मासे घाबरतात. मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मी रांगोळीचा डबा शोधू लागले.

त्यांचा तुम्हाला निरोप आहे. एवढे हुशार काका, तर पट्टी एकटीच कशी पाठवली. हळदीकुंकवाची कोयरी कुठे ठेवायची ते त्यांना सुचलं कसं नाही, असं विचारायला सांगितलंय. कोयरीच्या मापाचा दोरा सोबत आहे. गाठी त्यांनी स्वतः मारल्यात.

लोभ आहेच. तो गळत नाही, हे रांगोळी घालून पाहिलं.

आपली, पद्मजा