मामाच्या पाटावर

आबा,

काल नातीचं उष्टावण झालं. सुनेचा भाऊ पुण्याहून चांदीची वाटी घेऊन आला होता, घर माणसांनी भरलं होतं. मी खुर्चीत बसून बघत होते आणि मला काहीच वाटत नव्हतं. वाईटसुद्धा नाही. आज सगळे पांगल्यावर तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊनही वर्षं झाली, हे कुठे धाडायचं नाही, ते ठाऊक आहे.

तेव्हा आम्ही सालवडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. तारापूरच्या वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. हे सकाळी ट्रकमधून कामावर जायचे आणि सिमेंटनं पांढरे होऊन परतायचे. घरात मी आणि सासूबाई. माझा भाऊ गेला तेव्हा मला आठवा महिना लागला होता. कावीळ झाली आणि आठवड्यात संपला. त्या अवस्थेत साताऱ्याकडचा एवढा प्रवास नको म्हणून मला कुणी गावी नेलं नाही, बाळंतपणही माहेरी झालं नाही. त्यामुळे भाऊ गेला हे मला नुसतं ऐकून माहीत होतं. मी रडले नाही. पाणी भरलं, भांडी घासली, बाळंत झाले. लोक म्हणाले, धीराची आहे. धीर कसला, मुंग्या येऊन हात बधिर होतो तशी मी सगळीच झाले होते.

सहा महिने उलटले तरी बाळ नुसतं दुधावर होतं, आणि माझं दूध आटत चाललं होतं. आम्ही जेवायला बसलो की ते आमच्या प्रत्येक घासाकडे बघत ओठ हलवायचं. पण पहिला घास मामानं द्यायचा. सासूबाई वाईट नव्हत्या. 'मामा नाही' हे शब्द त्यांना माझ्यासमोर काढवत नव्हते, आणि मामावाचून सुरुवात करायलाही त्यांचं मन घेत नव्हतं. "बघू पुढच्या आठवड्यात," म्हणायच्या. शेवटी घरमालकीणच एकदा ओट्यावरून बोलली, "बाय, पोर भुकेनं रडते नि तुमी कसली वाट बघता? माझा मोठा पोरगा बसल मामा म्हनून. त्यात काय हाय?" सासूबाईंनी मान डोलावली, दिवस ठरला. तुम्हाला ह्यांनी कळवलं असेल. मी कळवलं नव्हतं.

त्या सकाळी मी चुलीवर खीर ढवळते आहे. अंगणात चपला वाजतात, एक पाय किंचित ओढत टाकलेला. भाऊ तसाच चालायचा. मी पळी हातात घेऊन तशीच दारात येते. तुम्ही उभे असता, काखेत तुपाचा डबा, प्रवासानं चेहरा काळवंडलेला. तो तुमच्यासारखा चालायचा, हे माझ्या तोवर कधी लक्षातच आलं नव्हतं. "आई?" मी विचारलं. "ती उठत न्हाई," एवढंच म्हणालात आणि पाय धुवायला गेलात.

पाट मांडलेला होता. घरमालकिणीचा मुलगा कोरा शर्ट घालून बसायला आला, तेव्हा तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. "तू बाजूला बस बाबा. मी बसतो." सासूबाई चाचरल्या, "अहो, पण तुम्ही आजोबा. तो पाट मामाचा..." "माझ्याच पोराचा हाय," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. सासूबाईंनी खिरीची वाटी तुमच्यापुढे सरकवली.

बाळाला मांडीवर घेऊन तुम्ही बोट खिरीत बुडवलंत. बाळानं जिभेनं सगळं बाहेर ढकललं. खीर हनुवटीवरून तुमच्या धोतरावर आली. तुम्ही हनुवटीवरची निपटून परत आत सारलीत. परत बाहेर, परत आत. मी कुठे बघत होते कोण जाणे. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोराकडं बघ. दाराकडं काय बघतीस?" लहानपणी तुम्ही मला पुष्कळ रागावलात, पण हे लागलं. मी बघितलं. बाळानं तुमचं बोट दोन्ही हातांनी धरलं होतं आणि ते गिळत होतं. "पुरे आता," सासूबाई म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी बाधेल." तुम्ही वाटी खाली ठेवलीत, बाळ मात्र कुणाकडे दिलं नाहीत. ते मांडीवरच झोपलं. दुपारी तुम्ही एका हातानं जेवलात.

दुसऱ्या दिवशी हे तुम्हाला समुद्र दाखवायला घेऊन गेले. कसा वाटला, मी विचारलं. "मोठा हाय," म्हणालात. बोईसर स्टेशनवर गाडीत चढताना म्हणालात, "त्याला रोज मऊ भात दे. तू पण जेव." भावाबद्दल तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, मीही नाही. पुढे इतकी वर्षं तुम्ही येत-जात राहिलात, तरी कधीच नाही. बाळ महिन्याभरात अंगानं भरलं. त्याला भरवून झालं की वाटीत उरलेलं मी खायची. तेवढंच घशाखाली जायचं.

काल जेवणं आटोपल्यावर सुनेच्या आईनं सहज विचारलं, "तुमच्या मुलाचं उष्टावण कुणी केलं होतं?" मुलगा शेजारीच बसला होता. "त्याच्या मामानं," मी म्हणाले. तो माझ्याकडे बघत राहिला. "मला मामा होता?"

"होता," मी म्हणाले, आणि हात धुवायला उठले. खोटं बोलले, आबा. पण भाऊ गेल्यापासून माझ्या तोंडून त्याचा उल्लेख झाला तो हा पहिलाच.