मावशीच्या शोकपत्रकाचा मासा झाला त्याची हकिगत

साल्टपाँड, मंगळवार

परमपूज्य कोबिनामामा,

तुमच्या गुडघ्यांना, तुमच्या साखरेला आणि मामींना (याच क्रमाने, कारण गेल्या पत्रात तुम्ही तक्रारी याच क्रमाने केल्या होत्या) माझा वाकून नमस्कार. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. अबा मावशी तेवढी अजून शवागारात आहे आणि शनिवारी दफन होईपर्यंत तिथेच राहील. एवढं सगळं असून फोन का केला नाहीस, असं विचाराल. मामा, फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो मामा' म्हणतो. पत्रात निदान मला बोलायला मिळतं. तरी पत्र संपेपर्यंत काठी कोपऱ्यातच असू द्यावी ही विनंती.

तो कागद तुम्हाला आठवतच असेल. मावशीच्या शोकपत्रकावर कुणाचं नाव कुणाच्या वर, यासाठी आपल्या घराण्याच्या तीन बैठका झाल्या. दुसरीतून फिफीमामा उठून गेले, तिसरीला स्वतःची खुर्ची घेऊन परत आले. शेवटी एकोणीस नावं क्रमवार लागली, खाली सात वडीलधाऱ्यांच्या सह्या झाल्या (पहिली तुमची) आणि कागद माझ्या स्वाधीन केला गेला. का, तर मी छत्तीस वर्षं पोस्टात काढली, दुसऱ्याचा कागद जपायची मला सवय! सोमवारी सकाळी तो छापखान्यात अन्साच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम होतं. तेवढंही झालं नाही.

रविवारी आमच्या अराबाला शाळेचा गृहपाठ होता. गोल, चौकोन आणि त्रिकोण कापायचे आणि ते चिकटवून एक घर आणि एक मासा करायचा. नात साडेचार वर्षांची, म्हणजे गृहपाठ तिचा आणि परीक्षा आजोबांची. मागच्या आठवड्यात मी कापून दिलेल्या गोलाखाली तिच्या बाईंनी 'बटाटा छान जमला आहे' असा शेरा मारला होता, त्यामुळे या खेपेला अराबाने मला आधीच बजावलं, "आजोबा, तू नुसतं धर. कापते मी." म्हणून मी धरत होतो. गोलासाठी दुधाच्या डब्याचं झाकण घेतलं, चौकोनासाठी काड्यापेटी. त्रिकोण ती मनाने कापत होती आणि तिच्या मनात त्रिकोणाला कधी चार कोपरे असतात. पांढरा कागद संपला तेव्हा मी चष्मा शोधायला आत गेलो, आणि तेवढ्यात तिने टेबलावरचा दुसरा कागद घेतला. तो कुठला, हे तुम्ही ओळखलं असेलच.

तुमचं नाव छपराच्या त्रिकोणात अगदी टोकाला आलं, हे आधीच सांगून टाकतो. फिफीमामा शेपटीत गेले. एकुआने (नऊ वर्षं मावशीचं हगणंमुतणं काढलं तीच, रक्ताची नाही म्हणून यादीतही नाही) कसाव्याच्या कंदाची खळ शिजवून दिली. तिला वाचता येत नाही, तेव्हा ती बिचारी यात निर्दोष आहे. उलट "काय गोड मासा!" म्हणून कौतुकच करत होती. इतक्यात खळीच्या वासाने कोंबडी आली आणि माशाचा डोळा टिपून पसार झाली. त्या डोळ्यावर चार सह्या होत्या.

मी ओलं फडकं घेऊन नावं सोडवायला गेलो, तर अराबा दोन्ही हात पसरून माशासमोर उभी राहिली. "माझा मासा आहे! तुझ्या मामांना सांग, त्यांचा त्यांनी करावा!" आणि असं भोकाड पसरलं की शेजारीण धावत आली. मामा, तुमच्या सात सह्यांसमोर मी उभा राहीन. त्या रडण्यासमोर उभं राहणं मला जमलं नाही. सोमवारी मासा आणि घर शाळेत जाऊन वर्गाच्या भिंतीवर लागले. अन्साला त्याचं यंत्र संध्याकाळी सुरू करायचं होतं, म्हणून मी त्याला थेट वर्गातच नेलं. बाईंनी त्याला आधी मुलांबरोबर प्रार्थना म्हणायला लावली, मग वीतभर उंचीच्या बाकावर बसून तो माशावरची आणि घरावरची नावं उतरवू लागला. एकोणीसच्या एकोणीस सापडली, पण क्रम पार पोहून गेला होता. शेपूट आधी की पोट? मला क्रम पाठ होता, पण मामा, कुणाच्या पाठांतरावर विश्वास नव्हता म्हणून तर सह्या घेतल्या होत्या. आणि चौथी बैठक म्हणजे शनिवारी दुसऱ्या कुणाला तरी पुरायची तयारी.

अन्साने वैतागून अराबालाच विचारलं, "यातलं पहिलं कुठलं गं, बाई?" अराबा त्याच्याकडे अशी बघायला लागली की हा इतका मोठा झाला तरी कसा! माशाच्या गोल पोटावर बोट ठेवून म्हणाली, "गोलाला पहिलं नसतं. कुठूनही सुरू करायचं."

सोबत पत्रक पाठवतो आहे. मधे मावशीचा फोटो, भोवती गोलात नावं. आज सकाळी फिफीमामांनी पाहिलं. कागद फिरवत फिरवत स्वतःचं नाव वर आणलं आणि म्हणाले, "हं, आता कसं बरोबर आहे." नंतर जो आला त्याने तसंच फिरवलं आणि तसंच म्हटलं. घराण्यात इतकं एकमत मी जन्मात पाहिलं नव्हतं.

तुमचा (बहुतेक वेळा) आज्ञाधारक भाचा,
एको

ता. क. शुक्रवारी आलात की चारचौघांत एवढंच म्हणा, 'गोल करायला मीच सांगितलं होतं.' तुम्ही म्हटलंत की कुणी तोंड उघडणार नाही.

ता. क. दोन : तुम्ही नावं मोजणार, मला माहीत आहे. वीस भरतील. विसावी एकुआ, मीच घातलेली. तिसऱ्या बैठकीत तुम्ही म्हणालात, "रक्त नाही, तर नाव नाही," आणि मी नेहमीसारखा 'हो मामा' म्हणालो. त्याची मला अजून लाज वाटते. चष्म्याचं वर लिहिलंय ते खोटं आहे. अराबाने कागद मागितला आणि मी सह्यांचाच कागद तिच्या हातात दिला.

ता. क. तीन : पत्रकं गावभर लागली आहेत. विहिरीजवळच्या भिंतीवर एकुआला तिचं नाव मी बोट ठेवून दाखवलं. सकाळपासून ती तीनदा पाण्याला गेली, दोनदा रिकामीच घागर घेऊन परतली. नाव काढायचंच असेल तर शुक्रवारी या आणि तिच्या देखत तुमच्या हाताने काढा. माझ्याने व्हायचं नाही.