तुम्हाला योग्य वाटेल ते द्या

१६ जानेवारी १९८३

प्रिय आयलीताई,

धाकट्या भावाचा मनापासून नमस्कार. तुझा गुडघा आता कसा आहे? ॲरिझोनाच्या उन्हात तो दुखायचा थांबला, असं तू नाताळच्या कार्डात लिहिलं होतंस. वाचून आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला. पाठवलेली संत्री पोचली. (चार गोठली, बाकीची उत्तम होती.) इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत म्हणून लिहितो. काल सकाळी पारा उणे अठ्ठावीस होता, पण माझं डोकं मात्र आठवडाभर तापलेलं आहे.

कारण आहे माझी नात, आपली रायली. पोरीला चौदावं लागलंय. दर शनिवारी ती सुंडक्विस्टांकडे मुलं सांभाळायला जाते. (नॉर्मन सुंडक्विस्ट म्हणजे तोच दातांचा डॉक्टर, ज्याने माझी दाढ दहा मिनिटांत उपटून पंचवीस डॉलर घेतले.) नवराबायको क्लबात कर्लिंग, म्हणजे बर्फावर दगड घसरवायचा खेळ, खेळायला जातात आणि ही पोर पाच तास त्यांची तीन कार्टी बघते. मागच्या महिन्यात मधल्याने नाकात वाटाणा घातला. रायलीने मिरपूड हुंगवून तो बाहेर काढला. हेच काम दवाखान्यात नॉर्मनने केलं असतं, तर वाटाण्याचंही बिल लावलं असतं!

आता पैशांचं ऐक. परतताना नॉर्मन तिला गाडीतून सोडतो आणि विचारतो, किती द्यायचे? ती म्हणते, तुम्हाला योग्य वाटेल ते द्या. आपल्याकडे दुसरं काही म्हणता येतं का? आकडा तोंडाने सांगणं म्हणजे चारचौघांत ढेकर देणं. तर नॉर्मनला तीन डॉलर योग्य वाटतात. पाच तासांचे तीन डॉलर! वर त्याची बायको मार्लिस काचेच्या ट्रेमधून लिंबाच्या वड्या देते. ट्रेच्या तळाला चिकटपट्टीवर 'सुंडक्विस्ट' लिहिलेलं असतं, म्हणजे तो परत जायलाच हवा. आणि रिकामा ट्रे परत देणाऱ्या घराचं या गावात काय होतं, हे मी तुला सांगायला नको. (कोस्कीबाईंनी एकोणपन्नास साली दिला होता. अजून त्यांना 'त्या कोस्कीबाई' म्हणतात.) म्हणून आमची सूनबाई जोन, रायलीची आई, तो ट्रे कोंबडी घातलेल्या भाताने भरते. वड्या तू आणल्यास, तर कोंबडीही तूच आण, असा तिचा कायदा आहे. तिनातले दोन कोंबडीला जातात. पोरीच्या हातात उरतो एक डॉलर.

तिला हवे आहेत बर्फावर घसरायचे, खाली पाती असलेले स्केटिंगचे बूट. जुनेच, दुकानात छत्तीस डॉलरला ठेवलेत. आत्ताचे इतके लहान झालेत, की गोठलेल्या तळ्यावर खेळून आली की ती गरम पाण्यात पाय घालून बसते आणि बोटं एकेक करून सरळ करते. आठवड्याला एक डॉलर म्हणजे छत्तीस शनिवार. तोवर लोक तळ्यात पोहून घरीही गेलेले असतील. 

मी म्हटलं, बस्स झालं! बावीस वर्षं मी खाणीच्या युनियनचा सेक्रेटरी होतो. शंभर दिवसांचा संप चालवलाय. कंपनीच्या वकिलासमोर टेबलावर मूठ आपटलीय. (ती मूठ थंडीत अजून दुखते.) गुरुवारी इस्त्रीचा शर्ट घालून सुंडक्विस्टांकडे गेलो. मार्लिसने कॉफी दिली. दुसरा कप मी रीतीप्रमाणे दोनदा नको म्हणून घेतला. बर्फावर बोललो, कुणाची गाडी सुरू होत नाही त्यावर बोललो. मग हळूच रायलीचा विषय काढला. नॉर्मन भला माणूस, लगेच म्हणाला, "तोइवोकाका, तुमचं बरोबर आहे. तुम्हीच सांगा, किती द्यायचे?"

आणि मी म्हणालो, "अरे, तुला योग्य वाटेल ते दे."

मी म्हणालो, ताई! माझ्याच तोंडाने. त्याला साडेतीन योग्य वाटले. घरी आलो तेव्हा माझ्या हातात वड्यांचा ट्रे होता.

रायली पाय पाण्यात घालून बसली होती. ट्रेकडे बघून म्हणाली, "आजोबा, कंपनीशीपण असंच बोलायचात का?" मी त्या रात्री जेवलो नाही. (वड्या दोन खाल्ल्या.)

काल शनिवार. जोनने भात शिजत ठेवला होता. पण रायलीने ट्रे घासला, पुसला आणि तसाच बगलेत मारून निघाली. मी बर्फ उपसायच्या निमित्ताने मागोमाग गेलो आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. तिने ट्रे मार्लिसच्या टेबलावर ठेवला. मार्लिसने आत पाहिलं. मग उलटा करून चिकटपट्टी पाहिली. आमचाच आहे ना, याची खात्री करत असावी. चेहरा पांढराफटक पडला.

"तासाला दीड डॉलर," रायली म्हणाली. आवाज कापत होता, पण म्हणाली. "आणि वड्या नकोत, काकू. आम्हाला परवडत नाहीत."

 शेवटी नॉर्मनने घड्याळ पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाला, "बरं, दीड." एवढंच! शंभर दिवस नाही लागले. मी दारात फावडं धरून उभा, डोळ्यांतलं पाणी पापणीवर गोठत होतं.

प्रकृतीला जप.

तुझा भाऊ,
तोइवो

ता.क. ईस्टरला तुझी तिन्ही नातवंडं यंदाही इकडे येणार, असं कळलं. मागच्या वर्षी नऊ दिवस रायलीनेच त्यांना सांभाळलं आणि तू जाताना तुझ्या निळ्या भांड्यातून सफरचंदाचा हलवा दिला होतास. यंदा काही विचार करावास. आकडा मी काय सांगू, तुला योग्य वाटेल ते.

ता.क. २. आयलीआजी, मी रायली. आजोबांनी पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं आणि मी ते वाचलं. आजोबांचं मनावर घेऊ नका, त्यांना जमत नाही. तीन मुलं, नऊ दिवस, तासाला दीड डॉलर. मागच्या वर्षीचं राहू दे. तुमचं निळं भांडं आमच्याकडेच राहिलं होतं, ते पत्रासोबत याच पार्सलात घातलंय. आत काही शोधू नका.